जॉइनिंगची काळी मेंदी

शुक्रवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बाळाजीच्या उजव्या कानामागे पहिली खाज सुटली. त्या वेळी त्याच्या डाव्या हातात रबराचं एक काळं टोपण होतं आणि उजव्या हातात ब्लेड. गाडीच्या चाकामागच्या सांध्यात धूळ जाऊ नये म्हणून हे टोपण बसवतात. कंपनीत त्याला बूट म्हणतात. साच्यातून निघालेल्या बुटाच्या कडेला रबराची पातळ कोर उरते. ती ब्लेडनं काढायची, बूट उलटा करून आतून बघायचा, चीर नसेल तर निळ्या क्रेटमध्ये, असेल तर लाल क्रेटमध्ये टाकायचा. बाळाजी हे काम नऊ वर्षं करत होता. एवढ्या वर्षांत त्याचा लाल-निळा चुकल्याची तक्रार दोनदाच आली होती.

त्यानं कान खांद्यावर घासला. खाज मानेवर उतरली, मग टोपीच्या काठाकाठानं कपाळावर आली. लाइनवर टोपी काढायची नसते, कारण मालात केस सापडला तर गिऱ्हाईक पेटीच्या पेटी परत पाठवतं.

शेजारच्या टेबलावर गोरक्ष होता. बाळाजीच्याच गावचा, निघोज्याचा, भावकीतला, वयानं बारा वर्षांनी लहान.

"तात्या, उवा झाल्या का काय?"

"गप काम कर."

"न्हाई, नवरदेवावानी काळं करून आलाय, म्हणून इचारलं."

बाळाजी हसला नाही. त्याला ही खाज ओळखीची होती. दिवाळीत अशीच सुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी कपाळ सुजून भुवयांवर आलं होतं. पण तेव्हा त्यानं डाय लावला होता. या वेळी मेंदी होती. मेंदी म्हणजे झाडाचा पाला. पाल्यानं कुणाचं कपाळ सुजत नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि पुढचा बूट उचलला.

बाळाजीचं वय त्रेपन्न. घरची जमीन दोन वेळा गेली, एकदा कंपन्यांना आणि एकदा रस्त्याला. राहिलेल्या वीस गुंठ्यांत घर, गोठा आणि आई गवराबाईच्या दोन शेळ्या. ज्या कंपनीत तो बूट तपासतो ती त्याच्या बांधापासून चार किलोमीटरवर आहे, पण तो कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की दोन दिवसांचा ब्रेक, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जॉइनिंग. नवा फॉर्म, नवा फोटो, नवं मेडिकल, नवं गेटकार्ड. माणूस तोच, टेबलही तेच. कागदावर मात्र बाळाजी त्या कंपनीत नऊ वेळा नव्यानं लागला होता.

वयाची अट कुठं लिहिलेली नाही. कंत्राटदाराचा माणूस रविराज टेबलामागे बसतो आणि फोटोआधी रांगेतल्या प्रत्येकाला टोपी काढायला सांगतो. आधारकार्डावरची तारीख तो बघत नाही, डोकं बघतो. नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच जॉइनिंगला, रांगेत बाळाजीच्या पुढे मोई गावचे दोघं होते. दोघांचीही डोकी कापसासारखी. रविराज त्यांना अदबीनं म्हणाला, "काका, कळवतो." अजून कळवलेलं नाही.

तेव्हापासून या भागात एक रीत पडली. जॉइनिंगच्या आधीच्या रविवारी कुरुळी फाट्यावर विक्कीच्या सलूनमध्ये चाळिशी-पन्नाशीची माणसं ओळीनं बसतात आणि केस काळे करून घेतात. विक्की काळेवाडीच्या एका सलूनमध्ये सहा वर्षं हात बसवून इकडं आला. तो एकाच वाडग्यात चौघांचा डाय कालवतो. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की आधी कानामागे थोडा लावून अठ्ठेचाळीस तास थांबावं. विक्कीला ते माहीत आहे. "दोन दिवस थांबायला गिऱ्हाईक काय देवळात आलंय का?" असं तो म्हणतो.

दिवाळीतल्या सुजेनंतर गावातल्या डॉक्टरनं बाळाजीला इंजेक्शन दिलं होतं आणि सांगितलं होतं, "डाय बंद करा." बाळाजीनं खरोखर बंद केला. मे महिन्यापर्यंत डोकं अर्ध्याहून जास्त पांढरं झालं, आणि मिशी तर सगळीच. कंत्राट मेच्या शेवटच्या शनिवारी संपणार होतं. मुलगी तेजल ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिचं अजून एक वर्ष बाकी. घरात दुसरी नोकरी नव्हती.

मेंदी त्याच्या बायकोनं, नीलानं, चाकणच्या बाजारातून आणली. पुडीवर हिरवं पान होतं, मोठ्या अक्षरांत 'काळी मेंदी' होतं आणि खाली 'हर्बल' होतं. डॉक्टरनं डाय बंद करायला सांगितलं होतं, मेंदीचं नाव काढलं नव्हतं. तरी नीला सावध बाई. ती म्हणाली, आधी थोडी लावून बघू. आणि मेंदी जिथं लावतात तिथंच तिनं लावली. मंगळवारी संध्याकाळी बाळाजीच्या तळहातावर रुपयाएवढा ठिपका काढला. बुधवारी सकाळी ठिपका काळा पडला होता. खाज नाही, आग नाही, काही नाही.

"बघा," नीला म्हणाली, "चांगली हाय."

बुधवारी पहिली पाळी करून आल्यावर तिनं अंगणात खुर्ची टाकून त्याचं डोकं माखलं. मिशीला जुन्या टूथब्रशनं लावली. तासानं धुतल्यावर केस असे काळे निघाले, की नऊ वर्षांत विक्कीलाही तसे जमले नव्हते. गवराबाई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "लगीन ठरलं तवा असा दिसत व्हतास."

हे सगळं शुक्रवारी सात चाळीसच्या आधीचं.

शनिवारी सकाळी बाळाजीला डावा डोळा उघडता आला नाही. उजवा चिरेएवढा उघडत होता. कपाळ, पापण्या, कान, वरचा ओठ, सगळं फुगून एकमेकांत मिसळलं होतं. केसांच्या मुळांतून पिवळट पाणी येत होतं. तरी तो कंपनीच्या बससाठी फाट्यावर आला, कारण कंत्राटाचा शेवटचा दिवस चुकवला तर रविराजच्या वहीत लाल फुली पडते. गोरक्षनं त्याला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

कंपनीच्या गेटवर हजेरीचं यंत्र आहे. समोर उभं राहायचं, यंत्र चेहरा बघतं, हिरवा दिवा लागतो. बाळाजी उभा राहिला. लाल दिवा लागला. तो एक पाऊल मागं सरकला, पुन्हा पुढं आला. पुन्हा लाल.

"चेहरा जुळत नाही," गेटवरचा गार्ड म्हणाला.

"अहो, तात्याच हायेत," गोरक्ष म्हणाला. "नऊ वर्सं तुमच्यासमोरनं जात्यात."

"मला माहितीये. मशीनला नाही माहिती."

मागं रांग खोळंबली होती. गार्डनं बाळाजीला बाजूच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि फोन करून विचारलं. फोनवरून उत्तर आलं, घरी पाठवा. लागण असेल तर आत नको. बाळाजी रिकाम्या बसनं परत फाट्यावर उतरला. पाच वर्षांत त्याची ही पहिली गैरहजेरी.

तेजल त्याला राजगुरुनगरला घेऊन गेली. तिथं कातडीच्या डॉक्टरीणबाई शनिवारी दुपारपर्यंत बसतात. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी दिव्याखाली डोकं बघितलं, कानामागं बघितलं, मिशीखाली बघितलं.

"काय लावलं?"

"मेंदी," बाळाजी म्हणाला.

"काळी?"

"व्हय."

"पुडी आणली का?"

तेजलनं पुडी आणली होती, आणि दिवाळीत डायनं असंच झाल्याचंही तिनं सांगितलं. बाईंनी ती उलटी करून तिच्याच हातात दिली. "तूच वाच. मागं, शिलाईजवळ."

अक्षरं इतकी बारीक होती, की तेजलनं मोबाइलनं फोटो काढून तो मोठा केला. मेंदी पावडर, आवळा, शिकेकाई, आणि पाचव्या जागी एक लांबलचक इंग्रजी नाव. तिनं ते तोडत तोडत वाचलं.

"पॅराफेनिलिनडायमीन," बाईंनी ते पुरं केलं. "पीपीडी. डायमध्ये काळा रंग पक्का बसतो तो याच्यामुळे. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबडा असतो, काळा नसतो. काळी मेंदी म्हटली की त्यात बहुतेक हेच घातलेलं असतं, आणि किती घातलंय ते पुडी सांगत नाही. दिवाळीत जे झालं तेही यानंच."

"पण तळहातावर लावून बघितली व्हती," बाळाजी म्हणाला. "कायच झालं न्हाई."

"तळहाताची कातडी जाड असते. आणि एक रात्र पुरत नाही. दोन दिवस लागतात. कानामागं किंवा कोपराच्या आत लावायची असते. आणि दिवाळीनंतर तर चाचणीपुरतीही लावायची नव्हती."

"आता परत कधी लावता यील?"

"कधीच नाही."

"म्हंजी वर्षाभरानं?"

"बाळाजीराव, शरीरानं एकदा हे ओळखलं की विसरत नाही. डाय नाही, काळी मेंदी नाही, हर्बल लिहिलेलं असो, अमोनिया नाही लिहिलेलं असो. पुढच्या वेळी सूज घशात उतरली, तर माझ्यापर्यंत पोचायला वेळ मिळणार नाही."

त्या लिहायला लागल्या. गोळ्या, मलम, डोकं धुवायचं औषध. लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"रबरात हाय. काळ्या रबराचे बूट तपासतो."

बाईंचं पेन थांबलं. "हातमोजे?"

"कापडी असत्यात. बोटं कापलेले. न्हाई तर चीर हाताला लागत न्हाई."

"हात दाखवा."

त्यांनी बोटं उलटसुलट बघितली. पेरांवर जुन्या भेगा होत्या. बाळाजीला त्या ब्लेडच्या वाटत होत्या.

"काही काळ्या रबरांत याच कुळातलं रसायन घालतात. रबर लवकर तडकू नये म्हणून. तुमच्या रबरात आहे की नाही, मला सांगता येणार नाही. कंपनीला विचारा. सूज उतरल्यावर सहा आठवड्यांनी या, पाठीवर पट्ट्या लावून तपासू. तोपर्यंत उघड्या हातानं काळं रबर नको." त्यांनी ते कागदावरही लिहिलं. "आणि आज-उद्यात डोक्याचे केस मशीननं काढून टाका. मिशीचेही. खाली पाणी साचलंय. केस असताना मलम कातडीपर्यंत जाणार नाही, पिकेल."

बाळाजी म्हणाला, "आई हाय माझी."

"आई आहे म्हणजे?"

तेजलनं खुलासा केला. तिच्या गावात डोकं आणि मिशी काढलेला माणूस दिसला, की लोक विचारतात, कोण गेलं.

"हे माझ्या पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या, आणि कागदावर शिक्का मारला.

रविवारी दहा वाजता विक्कीच्या सलूनमध्ये सात माणसं बसली होती. चौघांच्या डोक्यावर डाय चढलेला, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या. तिघं रांगेत. टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं. बाळाजी डोक्याला ओला पंचा गुंडाळून दारात उभा राहिला, तेव्हा आधी कुणी त्याला ओळखलं नाही.

"कुणी हाणलं, तात्या?" पिशवीखालून एकानं विचारलं.

"घरच्यांनी," दुसरा म्हणाला. "बाजारात जास्त येळ लावला आसंल."

"मेंदीनं झालंय," बाळाजी म्हणाला.

सगळे हसले. मग त्यानं पंचा सोडला आणि हसू थांबलं. टीव्हीचा आवाज विक्कीनं कमी केला.

बाळाजीनं डॉक्टरांचा कागद त्याला दिला. विक्कीनं तो मोठ्यानं वाचला, पीपीडीपाशी अडखळला, पुढं गेला. त्याच्या उजव्या हातात डायच्या डब्यातून येतो तो पातळ प्लास्टिकचा मोजा होता. डावा हात उघडा. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळची कातडी सोललेली होती, आणि तिथं त्यानं चिकटपट्टी लावली होती.

"याच्यात पण तेच हाय का?" पिशवीवाल्यांपैकी एकानं वाडग्याकडं बोट केलं.

विक्कीनं डबा उचलला, दिव्याकडं धरला. "हाय."

कुणी उठलं नाही. एकानं बोट पिशवीत घालून कानामागं चाचपलं, बोटाचा वास घेतला आणि ते पँटला पुसलं. "आमाला सहा वर्सांत काय झालं न्हाई," तो म्हणाला.

"मला आठ वर्सं काय झालं नव्हतं," बाळाजी म्हणाला.

टीव्हीवर एक गडी बाद झाला. त्याकडंही कुणी बघितलं नाही. मग घड्याळ बघून विक्की म्हणाला, "अण्णा, तुमची पस्तीस मिनिटं झाली, या धुवायला," आणि पहिला माणूस उठून बेसिनकडं गेला.

बाळाजीनं आपलं काम सांगितलं. डोकं आणि मिशी काढायची.

विक्कीनं कागद परत दिला. "इथं नको, तात्या."

"का?"

"आजी आहेत ना, तुमच्या आई. कालच फाट्यावर रिक्षात दिसल्या. रविवार, दुकान भरलेलं. मी जित्या आईच्या माणसाची मिशी काढली असं झालं, तर लोक मला बोलतील, तुम्हाला नाही. उद्या सोमवार, दुकान बंद. मी घरी येतो. पण आजींना विचारून ठेवा. त्यांनी नाही म्हटलं, तर मशीन बाहेर काढणार नाही."

गवराबाईला ऐकू कमी येतं, म्हणून संध्याकाळी बाळाजीला ते मोठ्यानं सांगावं लागलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं. गवराबाईचं वय ब्याऐंशी. नवऱ्याच्या वेळी, अकरा वर्षांपूर्वी, इंद्रायणीच्या घाटावर याच मुलाचं डोकं उतरवलेलं तिनं बघितलं होतं. ती शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत होती. दोरी पुरी सोडून मग तिनं विचारलं.

"डाक्टर काय म्हणला? न्हाई काढली तर?"

"पिकंल."

"मग काढ की. ईळभर आरडू नको."

"लोकं इचारत्याल."

"इचारू दे. सांग, म्हातारी शेळ्यांमागं गेलीया." मग दोरी खुंटीला लावत ती म्हणाली, "फकस्त माझ्यासमोर काढू नको."

सोमवारी सकाळी विक्की मोटरसायकलवर पेटी घेऊन आला. गवराबाई शेळ्या घेऊन रस्त्यापलीकडच्या कुंपणाशी गेली होती. गोठ्यामागं खुर्ची टाकली. झिरो मशीन फिरलं, तसे केस चिकटलेल्या गुठळ्यांनी खाली पडले. काळेभोर, नऊ वर्षांत कधी झाले नव्हते असे. खालची कातडी लाल, जागोजाग ओली. मिशी काढताना बाळाजीनं डोळे मिटले. डोळे आता दोन्ही उघडता-मिटता येत होते. नीलानं केस कागदात गोळा केले आणि कुठं टाकायचे ते तिला कळेना. शेवटी तिनं ते कचऱ्याच्या गाडीत दिले. गाडीवरच्या माणसानं बाळाजीकडं बघितलं, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

तेजल म्हणाली, "पप्पा, तो कागद उद्या नेऊ नका."

"का?"

"त्यात रबराचं लिहिलंय."

"लागण हाय का, असं इचारलं तर काय दाखवू? शिक्क्याचा कागद हाय." बाळाजीचा शिक्क्यावर विश्वास होता. जमिनीच्या दोन्ही वेळी त्यानं बघितलं होतं, की शिक्क्याचा कागद असलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात.

मंगळवारी दहा वाजता कंत्राटदाराच्या ऑफिसात एकतीस जण रांगेत होते. निम्म्याहून जास्त डोकी एकसारखी काळी. कलप नवा असला की कपाळाच्या आणि कानांच्या कडेला एक निळसर रेघ दिसते. तशा रेघा बाळाजीनं रांगेत आपल्यापुढं नऊ मोजल्या. सूज बरीच उतरली होती. दोन्ही डोळे उघडे होते. डोक्यावर टोपी होती, मिशीच्या जागी मलम. गोरक्ष त्याच्या मागंच होता.

रविराज पस्तिशीचा, चाकणचाच, बागायतदार घरातला. "टोपी," असं तो न बघताच म्हणाला. मग बघितलं. पेन खाली ठेवून तो उठून उभा राहिला.

"बाळाजीराव. आई गेल्या?"

नाही म्हणायला बाळाजीनं तोंड उघडलं, तेवढ्यात रविराजनं त्याचा हात हातात घेतला.

"शनिवारी तुम्ही गेटवरून परत गेलात, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी मोठं आहे. डोळे बघा, रडून रडून काय झालेत. कुणी सांगितलं नाही मला. बसा." तो शेजारच्या मुलीला म्हणाला, "यांचा फॉर्म बाजूला ठेव. तेराव्यानंतरची तारीख टाक, जागा धरून ठेव. मेडिकलचं मी बघतो."

बाळाजी बसला. नऊ वर्षांत त्या ऑफिसात त्याला खुर्ची मिळाली नव्हती. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. जागा धरून ठेवली होती. त्यासाठी त्याला काही बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तो गप्प बसला. भिंतीवरच्या घड्याळात ते दीड मिनिट असेल.

"दशक्रिया कधी?" रविराजनं डायरी उघडली. "घाटावर येतो मी. आमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही सगळे आला होता."

या भागात दशक्रियेला न जाणं म्हणजे वैर. रविराज खरंच येणार होता, गाडीत चार माणसं घालून, सकाळी आठला, इंद्रायणीच्या घाटावर. बाळाजीला तो घाट डोळ्यांपुढे दिसला, आणि त्यावर कुणीच नव्हतं.

मागून गोरक्ष म्हणाला, "आवो, गवराआजी धडधाकट हायेत. आज सकाळीच शेळीला शिव्या घालीत व्हत्या."

हे त्यानं बाळाजीला तोंडघशी पाडायला म्हटलं नव्हतं. जित्या बाईचं दहावं डायरीत लिहिलं जातंय, हे त्याला बघवलं नाही, एवढंच. पण रांगेत हसू फुटलं. रविराजनं बाळाजीचा हात सोडला.

"मग हे काय, बाळाजीराव?"

"उन्हाळा हाय म्हणून," बाळाजी म्हणाला.

"मिशीला पण उन्हाळा?"

रांग पुन्हा हसली. बाळाजीनं खिशातून कागद काढला. "लागण न्हाई. डाक्टरनी लिवून दिलंय. शिक्का हाय."

रविराजनं कागद वाचला. एकदा वाचून झाल्यावर खालच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग बाळाजीच्या हातांकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाळाजीला काही बोलता आलं असतं.

"तुम्ही हा कागद मला दाखवला नसता," तो हळू म्हणाला, "तर मी बघितलाच नव्हता. आता बघितलाय. उद्या हातावर काही उठलं, तर कंपनी मला विचारणार."

"साहेब, बाई म्हणल्या कंपनीला इचारा. आपल्या रबरात ते हाय का न्हाई. नसंल तर मग..."

"कोणाला विचारू? मी माणसं देतो, रबर देत नाही. रबरात काय घालतात ते रबराच्या कंपनीला माहिती. तिथं माझा फोन कोण उचलणार?"

"मग दुसरीकडं कुटं? पॅकिंगला?"

"पॅकिंगला पोरी घेतात." रविराजनं फॉर्म उचलला. फाडला नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, जिथं आधीच एक गठ्ठा होता. "काही निघालं तर कळवतो, काका."

नऊ वर्षं तो बाळाजीराव म्हणत होता.

कागद मात्र त्यानं नीट घडी घालून परत दिला. पुढचा नंबर गोरक्षचा होता. त्यानं टोपी काढली. चाळिशीचं डोकं, कानांजवळ कालच लावलेल्या डायची निळसर रेघ. रविराजनं त्याला फोटोसाठी भिंतीकडं पाठवलं.

दोघं एकाच रिक्षानं फाट्यावर आले. गोरक्ष पूर्ण रस्ता बाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "तात्या, मी बोलाया नको व्हतं."

"मग काय, घाटावर पिंड ठेवला असतास?"

"न्हाई, पण..."

"तुझ्या कानामागं खाजतंय का?"

"न्हाई."

"दोन दिस थांब," बाळाजी म्हणाला. "मग सांग."

घरी गवराबाई ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "घेतलं का?" बाळाजीनं नाही अशी मान हलवली. तिला नीट दिसलं नसेल असं वाटून त्यानं ते मोठ्यानं सांगितलं. मग तिनं त्याला जवळ बोलावलं, मलम लावायचं राहिलेली मागची जागा दाखवली आणि नीलाला ट्यूब आणायला सांगितली. डोक्यावर एका दिवसात पांढरी खुटं वर आली होती, पीठ भुरभुरल्यासारखी.

गोळ्या अजून सहा दिवसांच्या आहेत. पाठीवरच्या तपासणीची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. गोरक्षला बुधवारपासून पहिली पाळी लागली आहे. पहिल्या पाळीची बस कुरुळी फाट्यावर पाच पन्नासला येते आणि दोन मिनिटं थांबते.